आर-२२ बाद होतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर, एका कडेला, बारीक अक्षरांची एक पट्टी असते. व्होल्टेज, वजन, मॉडेल नंबर यांच्या गर्दीत तिच्यावर 'रेफ्रिजरंट' असा शब्द सापडेल आणि त्यापुढे आर-२२, आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९० यांपैकी काहीतरी. गिरगावातल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या मागच्या गल्लीत उभं राहून वर पाहिलं, तर वेगवेगळ्या काळातली अशी युनिटं एकाच भिंतीवर टांगलेली असतात. त्यातल्या आर-२२ वाल्यांविषयी लोक दोन टोकांचं काहीबाही सांगतात. "तो गॅस आता बंद झालाय, एसी फेकून द्या," हे एक. "काही बंद होत नाही, मी आणून देतो," हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहे. देशभर वापरातलं एखादं रसायन बाद करायचं, तर ते पायऱ्यापायऱ्यांनी आणि बऱ्याच वर्षांत करावं लागतं. त्या पायऱ्या क्रमाने पाहू.

आधी रेफ्रिजरंट म्हणजे काय ते पाहू. खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा, नळ्यांमधून सतत फिरणारा वायू म्हणजे रेफ्रिजरंट. बोलीभाषेत आपण त्याला नुसतं 'गॅस' म्हणतो. १९३०च्या सुमारास यासाठी सीएफसी, म्हणजे क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांची संयुगं आली. ती पेटत नव्हती, विषारी नव्हती, स्वस्त होती. त्याआधीचे अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड घरात ठेवायला धोक्याचे, त्यामुळे सीएफसीचं स्वागतच झालं. घरगुती फ्रीजमध्ये आर-१२ आणि मोठ्या चिलरमध्ये, म्हणजे अख्ख्या इमारतीसाठी थंड पाणी तयार करणाऱ्या यंत्रात, आर-११ वापरात आला.

दोष त्यांच्या टिकाऊपणातच होता. आर-१२ हवेत सुटला की शंभरेक वर्षं टिकतो आणि हळूहळू वर स्थितांबरापर्यंत पोचतो. तिथल्या अतिनील किरणांनी तो फुटतो, क्लोरीन मोकळा होतो आणि क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू मोडू शकतो. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनची मोठी घट दिसली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी, अशा रसायनांचा वापर घटवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या.

भारत त्यात सामील झाला तो १९९२ मध्ये. या उशिरामागे विचार होता. हे वायू वर्षानुवर्षं वापरले श्रीमंत देशांनी. मग यंत्रं बदलण्याचा खर्च आम्ही का सोसायचा, हा भारताचा आणि चीनचा सवाल होता. १९९०च्या लंडन बैठकीत त्यावर तोडगा निघाला. ज्यांचा दरडोई वापर वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी आहे, अशा विकसनशील देशांना दहा वर्षांची जास्तीची मुदत मूळ करारातच होती; आता बदलाच्या खर्चासाठी एक सामाईक निधीही मिळाला. माझ्या मते पुढे जे काही जमलं, ते या निधीच्या अटीमुळे. पर्यावरणाचे करार पुष्कळ आहेत. पैसे कोण देणार हे आधी ठरवून सुरू झालेले थोडे.

पहिली पायरी मोजदादीची. मुंबईत पालिका दहा टक्के पाणीकपात जाहीर करते, तेव्हा आपण विचारतो, दहा टक्के कशाच्या? इथेही तोच प्रश्न येतो. त्यासाठी एक पायाभूत आकडा ठरवतात. आर-२२ ज्या गटात मोडतो त्या एचसीएफसींसाठी (सीएफसीत थोडा हायड्रोजन घालून बनवलेली, त्यामुळे लवकर विरणारी संयुगं) २००९ आणि २०१० या दोन वर्षांच्या वापराची सरासरी हा भारताचा पाया धरला आहे.

'वापर' हा शब्द इथे फसवा आहे. आपल्या घरातल्या एसीत भरलेला गॅस त्यात थेट मोजला जात नाही. देशात किती बनला, त्यात आयात मिळवली, निर्यात वजा केली. जे उरलं तो वापर. दुकानदुकानांत जाऊन मोजायचं नाही, कारखान्याच्या आणि बंदराच्या दारात मोजायचं. त्यामुळे सिलिंडरवर चुकीचं लेबल लावून आणलेला गॅस या हिशेबातून निसटतो आणि म्हणूनच कस्टमच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणं हा योजनेचाच भाग असतो.

शिवाय सगळी रसायनं सारखी घातक नसतात. म्हणून प्रत्येकाला एक गुणक दिलेला असतो, ओझोन मोडण्याच्या क्षमतेचा. आर-१२चा १, आर-२२चा ०.०५५. एक हजार किलो आर-२२ म्हणजे हिशेबात फक्त ५५ किलो. बातमीत "इतके टन घटले" असं वाचलं की ते साधे टन आहेत की गुणकाने गुणलेले, हे पाहिल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नयेत. आणखी एक गोंधळ नेहमीचा. आर-२२ हा टेफ्लॉनसारख्या पदार्थांचा कच्चा मालही आहे. कच्चा माल म्हणून तो कारखान्यातच रूपांतरित होतो, हवेत सुटणं अपेक्षित नसतं, त्यामुळे हे उत्पादन वापराच्या हिशेबात धरत नाहीत. "बंदी असूनही कारखाने आर-२२ बनवतातच," ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते.

दुसरी पायरी वेळापत्रकाची. एचसीएफसींसाठी ते असं आहे: २०१३ मध्ये वापर पायाभूत आकड्यावर गोठवायचा, २०१५ पर्यंत १० टक्के कपात, २०२० पर्यंत ३५, २०२५ पर्यंत ६७.५ आणि २०३० मध्ये पूर्ण. आधी हा शेवट २०४० मध्ये येणार होता. २००७ मध्ये सगळ्या देशांनी मिळून तो दहा वर्षं अलीकडे ओढला. मात्र २०३० ते २०४० या काळात जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी पायाभूत वापराच्या सरासरी अडीच टक्के इतकी वार्षिक शेपटी ठेवली आहे. म्हणजे "एसी फेकून द्या" म्हणणारा चुकतो. चालत्या यंत्रावर बंदी नाही. आटत जाते ती त्याच्यासाठी मिळणारी रसद.

तिसरी पायरी कारखान्याची आणि इथे भारताचा सीएफसीचा अनुभव पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे सीएफसी बनवणाऱ्या चार कंपन्या होत्या: एसआरएफ, गुजरात फ्लोरोकेमिकल्स, केमप्लास्ट सन्मार आणि नवीन फ्लोरीन. यातली शेवटची मफतलाल समूहाची, म्हणजे ज्यांच्या गिरण्या आपल्या गिरणगावात होत्या त्यांची. तिचा कारखाना सुरतेला. 'माफ्रॉन' हे तिचं नाव जुन्या फ्रीज मेकॅनिकांना अजून आठवत असेल. १९९९ मध्ये सामाईक निधीतून या उत्पादनबंदीसाठी ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले, पण एकरकमी नाहीत. दरवर्षी उत्पादन ठरल्याप्रमाणे घटलं का, याची तपासणी व्हायची आणि मगच पुढचा हप्ता मिळायचा. शेवटची तारीख १ जानेवारी २०१० होती. भारताने १ ऑगस्ट २००८ पासूनच उत्पादन थांबवलं, सतरा महिने आधी. दम्याच्या पंपांसाठी लागणाऱ्या सीएफसीला मात्र तेव्हा सवलत होती, कारण पर्यायी पंप तयार होईपर्यंत रुग्णाला थांब म्हणता येत नाही.

चौथी पायरी कायद्याची. ती थोडक्यात सांगतो. जुलै २००० मध्ये ओझोन क्षय करणाऱ्या पदार्थांचे नियम आले. उत्पादक, विक्रेता, साठा करणारा, आयात-निर्यात करणारा, सगळ्यांना नोंदणी आणि परवाने सक्तीचे झाले. १ जानेवारी २००३ नंतर बहुतेक नव्या यंत्रांत सीएफसी वापरायला मनाई झाली. हे सगळं सांभाळतो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातला 'ओझोन सेल'.

पाचवी पायरी यंत्र बनवणाऱ्यांची. ही मुंबईकरांच्या घराजवळची गोष्ट आहे. चिंचपोकळीला डॉ. आंबेडकर मार्गावरचं व्होल्टास हाउस आपण बसमधून रोज पाहतो, ब्लू स्टारचं कार्यालय चर्चगेटला, गोदरेज विक्रोळीला. देशातल्या वातानुकूलनाचा बराच मोठा कारभार या एका शहरातून चालत आला आहे. (ताडदेवचा बाजार आजही 'एसी मार्केट' म्हणूनच ओळखला जातो, त्यावरून कधीकाळी एसी ही केवढी अपूर्वाई होती हे कळतं.)

कारखान्याला गॅस बदलणं म्हणजे नुसता सिलिंडर बदलणं नव्हे. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त, म्हणून कॉम्प्रेसर वेगळा, नळ्या वेगळ्या. जुन्या खनिज तेलाशी तो जुळत नाही, म्हणून वंगणही वेगळं. नवा वायू ज्वलनशील असेल तर गॅस भरण्याच्या जागी संवेदक, हवा खेळती ठेवण्याची सोय, ठिणगी न उडणारी विजेची जोडणी, असं सगळं उभं करावं लागतं. गोदरेजने शिरवळच्या कारखान्यात जर्मन मदतीने आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, वापरणारे एसी बनवायला घेतले आणि २०१२ च्या सुमारास ते बाजारात आले. अशा एसीत गॅस तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. जुन्या आर-२२ च्या दीड टनी एसीत किलोभर किंवा त्याहून जास्त असतो.

मोठ्या कंपन्यांकडे अभियंते असतात, त्यांचं निभतं. अडतात ते छोटे. डीप फ्रीजर, बाटल्यांचे कूलर, वॉटर कूलर बनवणारी चार-सहा माणसांची वर्कशॉपं. फ्रीजच्या भिंतीत भरायचा फोम बनवणाऱ्यांचंही तेच होतं. त्या फोमला फुगवणारं एचसीएफसी-१४१बी १ जानेवारी २०२० पासून भारतात पूर्ण बंद झालं. २०२० ची ३५ टक्क्यांची पायरी तर देशाने ४४ टक्के घट दाखवून ओलांडली. नव्या यंत्रांत एचसीएफसी भरणं थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख ठरवण्यात आली.

आता सहावी पायरी आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे: दुरुस्ती. कारखाने मोजके असतात, त्यांची तपासणी होऊ शकते. पण लालबाग-परळमध्ये चार मजले चढून, खांद्यावर सिलिंडर घेऊन, गॅलरीच्या कठड्याबाहेर वाकून काम करणारा मेकॅनिक कुठल्या तक्त्यात बसवणार? आर-२२चा नेहमीचा डिस्पोजेबल सिलिंडर १३.६ किलो गॅसचा असतो. व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनचा वेगळा सिलिंडर, वजनकाटा, गॅस परत गोळा करणारं रिकव्हरी यंत्र, हे सगळं लिफ्ट नसलेल्या चाळीत एका फेरीत नेणं कठीणच. त्याला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

तरी चुका कुठे होतात ते आपल्याला माहीत हवं, कारण पैसे आपले जातात.

पहिली चूक 'टॉप-अप'ची. एसीमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नळ्यांचं चक्र बंद असतं. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतोय. चौपाटीच्या बाजूला, वरळी-प्रभादेवीला, खाऱ्या हवेने बाहेरची कॉइल झिजते आणि बारीक छिद्रं पडतात. गळती न शोधता वरून गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच खेळ. आपण एवढंच विचारावं: "गळती कुठे सापडली, दाखवता का?" नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात, ते पाहायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

दुसरी चूक, नळ्या साफ करायला गॅसच मारणे. कॉम्प्रेसर जळाला की आत काजळी आणि आम्लयुक्त तेल साचतं. ते बाहेर काढायला आर-२२ सोडून देतात. त्या कामाला कोरडा नायट्रोजन असतो. हातात आहे तेच वापरायचं, या सवयीपायी गॅस दुरुस्तीआधीच हवेत जातो.

तिसरी, व्हॅक्यूम न करणे. दुरुस्तीनंतर नळीत हवा आणि ओल शिरलेली असते. पंप लावून ती पुरेसा वेळ ओढून काढावी लागते. घाईत थोडा गॅस आत सोडून हवा 'ढकलून' देतात. ओल राहिली की आतून गंज चढतो, बारीक नळीत बर्फ अडकतो आणि काही महिन्यांत पुन्हा तक्रार. मुंबईच्या पावसाळी हवेत तर हे नक्की होतं.

चौथी चूक धोक्याची आहे. आर-२२ महाग झाला की त्याच्याच एसीत दुसरं काहीतरी भरण्याचा मोह होतो. प्रोपेन आर-२२ च्या यंत्रात चालतो, थंडही करतो. पण त्या यंत्राचे विजेचे भाग ज्वलनशील वायू धरून बनवलेले नसतात. काही ठिकाणी तर स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरतात. त्यात प्रोपेन-ब्युटेनचं ठरीव नसलेलं मिश्रण असतं, ओल असते, वासासाठी घातलेलं गंधकाचं संयुग असतं. दहा बाय बाराच्या बंद खोलीत, देवघरात दिवा लागलेला असताना, अशी गळती झाली तर काय होईल ते सांगायला नको. सिलिंडरच्या रंगावरही विसंबू नये. आर-२२ चा फिकट हिरवा आणि आर-४१०ए चा गुलाबी हे संकेत मेकॅनिक लोक ओळखतात, पण रंग कुणीही मारू शकतो. दाब आणि तापमान ताडून पाहणं हीच खरी खूण. आपल्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेला गॅस सोडून दुसरं काही भरायला मेकॅनिक निघाला, तर त्याला थांबवावं.

सरकारने हे ओळखलं नाही असं नाही. सीएफसीच्या काळात २००४ पासून मेकॅनिकांसाठी देशभर प्रशिक्षणवर्ग सुरू झाले, जर्मन संस्थांच्या मदतीने आणि आयटीआयसारख्या ठिकाणी. एचसीएफसी योजनेच्या टप्प्यांत ते पुढे चालले. मार्च २०१९ च्या 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन'मध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. अडचण अशी, की प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला यांच्यात ग्राहक फरक करत नाही. तो विचारतो, किती घेणार. शंभर-दोनशे रुपये कमी सांगणारा काम घेऊन जातो आणि वर्गात शिकलेली व्हॅक्यूमची पंचेचाळीस मिनिटं परवडेनाशी होतात.

एवढ्यात सातवी पायरीही आली आहे. ओझोन वाचवण्यासाठी क्लोरीन काढून टाकलेले एचएफसी वायू, आर-४१०ए, आर-१३४ए, ओझोनला निरुपद्रवी आहेत, पण पृथ्वी तापवण्यात मोठे वाटेकरी. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम १ धरला तर शंभर वर्षांच्या हिशेबात आर-४१०ए चा सुमारे २०८८, आर-२२ चा १८१०, आर-३२ चा ६७५ आणि प्रोपेनचा अगदी तीनच्या आसपास. म्हणून २०१६ मध्ये किगालीत करारात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. भारत ज्या देशगटात येतो त्याचं वेळापत्रक: २०२४ ते २०२६ हा पाया, २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ पासून उतरत २०४७ पर्यंत ८५ टक्के घट. 'ओझोन-फ्रेंडली'चं स्टिकर पाहून दहा वर्षांपूर्वी आर-४१०ए घेतलेल्याची फसवणूक झाली नाही, स्टिकर खरंच होतं. फक्त ते अर्धी गोष्ट सांगत होतं. आज नवा घेताना आर-३२ किंवा आर-२९० पाहावा आणि त्यासोबत विजेचे स्टारही, कारण एसी आयुष्यभरात खाणारी वीज हाही मोठा भाग असतो.

राहिला मोडीत निघणारा एसी आणि सध्या दक्षिण-मध्य मुंबईत हा प्रश्न दारात उभा आहे. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी, गिरगावातल्या इमारती, सगळीकडे पुनर्विकास चालू आहे. घर रिकामं करताना एसी एक तर हलवला जातो, नाहीतर भंगारात जातो. भंगारवाल्याला रस तांब्यात. तो पकडीने नळी तोडतो, फुस्स आवाज येतो आणि किलोभर आर-२२ गल्लीत मोकळा होतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत एसी आणि फ्रीज येतात आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे व्हावी अशी अपेक्षा आहे. गल्लीतल्या हातगाडीपर्यंत ती अजून पोचायची आहे.

एसी हलवायचाच असेल तर नळी सोडण्याआधी मेकॅनिकला 'पंप डाउन' करायला सांगावं. एसी कूलिंगवर चालू ठेवून बाहेरच्या युनिटची बारीक नळीची झडप बंद करतात. कॉम्प्रेसर आतला सगळा गॅस ओढून बाहेरच्या युनिटमध्ये जमा करतो. गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीची झडप बंद करून लगेच एसी बंद करायचा. काही मिनिटांचं काम आहे. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असेल तरच ते होतं, म्हणून वीजजोडणी तोडणारा माणूस यायच्या आधी मेकॅनिकला बोलवावं. उलट क्रमाने बोलावणं हीच स्थलांतराच्या गडबडीत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.